शेवटच्या पायरीवरची कालवं

कात्रीनबायचं नाव निघालं की माझ्या डोक्यात अजून तिडीक उठते. ती बाई वाईट होती असं मी म्हणत नाही. उत्तनच्या किनाऱ्यावर तिला वाईट म्हणणारा माणूस तेव्हा नव्हता, आणि आज कुणी म्हणालाच तर त्याच्या अंगावर पहिला मी धावून जाईन. पण चांगल्या माणसानं आपलं नुकसान केलं तर त्याला धड शिव्याही देता येत नाहीत. ते मनात तसंच कुजत राहतं. माझ्या मनात ते इतकी वर्षं कुजलं आहे.

ती चौकची. भाईंदरची खाडी समुद्राला मिळते त्या तोंडाशी, उत्तनच्या पुढे, हे गाव आहे. नवरा बोटीवर खलाशी होता. तो एकदा एडनला उतरला तो उतरलाच. सासऱ्यानं मागे ठेवलं होतं ते एक घर आणि खाडीच्या तोंडावरचं एक शेत. गावातले लोक त्याला 'कात्रीनचं शेत' म्हणत. त्यात पीक होतं कालवांचं. वसईच्या कुणा पाद्रीनं सासऱ्याला ती विद्या शिकवली होती. मोडकी कौलं चुन्याच्या दाट पाण्यात बुडवून वाळवायची आणि पाऊस ओसरला की खाडीत ओळीनं रोवून ठेवायची. कालवांची पोरं मोहरीएवढी असताना पाण्यात फिरतात, ती चुन्याला येऊन चिकटतात. बोटभर झाली की कौलांवरून हलक्या हातानं सोडवायची आणि स्वच्छ वाळूवर पसरून पोसायची. दोन-अडीच वर्षांनी एक कालव माणसाच्या तोंडात जाण्याच्या लायकीचं होतं, आणि जातं ते मुंबईच्या फोर्टातल्या साहेबाच्या तोंडात.

मी जवळच्या राई गावचा. तेव्हा माझ्याकडे एक जुनी होडी होती आणि अंगात मस्ती होती. बापानं काही ठेवलं नव्हतं. जे केलं ते मी भांडून केलं. फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात मिंगेल नावाचा गोव्याचा मुख्य आचारी होता. मी त्याला मासळी पोचवायचो. एक दिवस तो म्हणाला, "पापलेट सब लाता है. मेरेको कालव मंगता, जिंदा. कराची का माल आधा मरा हुआ आता है." मी तिथल्या तिथे हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी ओहोटी बघून चौकला गेलो.

बाई पाण्यात गुडघाभर उभी होती. ठेंगणी, रुंद, लुगडं वर खोचलेलं, कानात सोन्याच्या जड कड्या. हातांवर इतके पांढरे ओरखडे की जणू कुणी हातांवर जाळं विणलं होतं. कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती माणसाशी बोलताना पाण्याकडे बघायची, ही तिची सवय मला शेवटपर्यंत चिडवत राहिली.

मी माझी नेहमीची सुरुवात केली. माल बारीक आहे, वाहतूक लांबची आहे, साहेब लहरी आहे. ती कालवं उचलून एकमेकांवर आपटत होती, टक, टक, आणि दोन ढिगांत टाकत होती. माझं संपल्यावर तिनं दोन कालवं माझ्या कानाशी धरून वाजवली. दगडावर दगड आपटावा तसा भरीव आवाज आला. मग त्यातलं एक बदललं आणि पुन्हा वाजवलं. या वेळी आवाज पोकळ होता, रिकाम्या करवंटीसारखा.

"हा मेलेला हाय," ती म्हणाली. "आता तुझा भाव सांग. जित्याचा सांगतोस का मेलेल्याचा?"

भाव तासाभरात ठरला. खरं भांडण दुसऱ्याच गोष्टीवर होतं आणि ते तीन दिवस चाललं: वाटेत मेलेलं कालव कुणाचं? तिचं म्हणणं, भाईंदरच्या धक्क्यापर्यंत तिचं, पुढे माझं. माझं म्हणणं, साहेबाच्या बशीपर्यंत तिचं. तिसऱ्या दिवशी तिनं एकदम मान्य केलं. मला संशय आला. मी विचारलं, का? ती म्हणाली की बशीपर्यंतची जबाबदारी तिची, पण एका अटीवर: शेवटच्या पायरीच्या आधी एकही कालव उचलायचं नाही.

या पायऱ्या मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला हसू आलं होतं. किनाऱ्याच्या उतारावर तिनं दगडांच्या सात बुटक्या ओळी रचल्या होत्या. पहिली ओळ जवळजवळ कायम पाण्याखाली, सातवी इतकी वर की भरतीचं पाणी तिचे पाय धुऊन परत जाई. विकायची कालवं ती आधी पहिल्या ओळीत मांडायची आणि दररोज एकेक ओळ वर चढवायची. पहिल्या दिवशी कालव उन्हावाऱ्यात घटकाभर राही, पुढच्या दिवशी दोन घटका, असं करत करत सातव्या पायरीवर ते दिवसाचा बराचसा वेळ पाण्याबाहेर. कालवाची जात अशी, की पाण्याबाहेर काढलं आणि त्यानं तोंड उघडलं, की आतलं पाणी सांडून ते मरतं. तोंड मिटून राहायला शिकलेलं कालव ओल्या गोणपाटात चार दिवस जगतं. ती त्यांना तोंड मिटायला शिकवायची. त्या ओळींना 'शाळा' म्हणायची आणि रोज सकाळी ओहोटीला जाऊन प्रत्येकाला वाजवून बघायची. पोकळ वाजलं ते नापास; जीव असायचा, पण पाणी सांडलेलं असायचं. नापास झालेली त्याच दिवशी गावात कुणाच्या तरी कालवणात जायची. जागच्या जागी खायला ती उत्तमच. पण मुंबईला नापास कालव कधी गेलं नाही.

मी तिला म्हणालो होतो, "बाय, तू शाळामास्तरीण व्हायचीस."

"मास्तर पोरांना बोलायला शिकवतो," ती म्हणाली. "त्यात काय मोठं."

सहा वर्षं तो करार चालला. भरतीवर होडी चौकहून निघून भाईंदरच्या धक्क्याला लागायची, तिथून पोती पार्सलच्या डब्यात, ग्रँट रोडहून हातगाडीनं हॉटेलच्या मागच्या दाराला. ती स्वतः पोती भरायची. खोलगट शिंपला खाली, सपाट शिंपला वर, म्हणजे आतलं पाणी सांडत नाही. वर समुद्रातलं गवत, मग ओलं गोणपाट. पोतं शिवल्यावर त्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहायची. मी एकदा विचारलं, प्रार्थना करतेस का? तर म्हणाली, घट्ट भरलंय का बघते. सहा वर्षांत बशीपर्यंत मेलेली कालवं माझ्या दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील. त्या प्रत्येकाच्या बदली तिनं पुढच्या खेपेला न मागता एक जास्त टाकलं. पावसाळ्यात मात्र एकही नाही. हॉटेलनं कितीही सांगितलं तरी नाही. पावसात ती पिलावतात, त्यांना हात लावायचा नसतो, एवढंच बोलणं.

या सहा वर्षांत मी पायात बूट घालू लागलो. ज्या दिवशी पहिल्यांदा घातले त्या दिवसापासून ती मला 'नारूशेट' म्हणू लागली. आधी नुसता 'नारू' होतो. बूट काढून चिखलात उतरलो की पुन्हा 'नारू'. हे ती इतक्या साध्या तोंडानं करायची की रागावायला जागा मिळायची नाही.

एकदा तिला वाटलं, आपली कालवं जातात कुठे ते बघावं. मी तिला घेऊन गेलो. हॉटेलच्या मुदपाकखान्यात बर्फाच्या परातीत कालवं मांडत मिंगेल उभा होता. त्यातली पाचसहा सपाट बाजूवर पडली होती. बाईनं ना ओळख ना पाळख, पुढे होऊन ती एकेक सुलटी केली. मिंगेल हातात सुरी घेऊन वळला. हॉटेलचा साहेबसुद्धा त्याच्या परातीला हात लावत नसे.

"पानी सांडतंय," ती त्याला म्हणाली. "अडीच वर्सांचं पानी हाय ते."

मिंगेल मला म्हणाला, "ये कौन है?" मी सांगितलं. त्यानं सुरी ठेवली, हात पुसला आणि तिला लवून नमस्कार केला. त्या दिवसापासून तो पोतं उघडायच्या आधी विचारायचा, बाय कैसी है. माझी चौकशी त्यानं कधी केली नाही.

त्यानं तिला जेवणघराच्या दाराच्या काचेतून बघू दिलं. आत एक गोरी बाई बसली होती. तिच्यासमोर सहा कालवं आली. तिनं लिंबू पिळून तीन खाल्ली आणि बशी बाजूला सारली. वेटरनं बशी आत आणली तेव्हा कात्रीनबायनं त्या उरलेल्या तिघांकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता ही आत जाऊन त्या मडमेचा हात धरून तिला खाली बसवते. तिनं तसं काही केलं नाही. उभ्या उभ्या ती तिन्ही कालवं स्वतः खाल्ली, शिंपले ओच्यात बांधले आणि म्हणाली, चल. होडीत बसल्यावर म्हणाली, "पुढल्या खेपेला त्याला सांग, मागनाऱ्याला तीनच दे. लागली तर पुन्ना मागेल." मी ते मिंगेलला सांगितलं नाही. सहाच्या जागी तीन खपली असती तर माझं काय झालं असतं?

आता त्या ईस्टरची गोष्ट. लढाई सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. मुंबईत गोरे अधिकारी मावत नव्हते. ईस्टरच्या रविवारी हॉटेलात त्यांचं मोठं जेवण ठरलं आणि मिंगेलनं मला सांगितलं की एवढं नीट निभावलंस तर साहेब बाकीची सगळी मासळीही तुझ्याकडूनच घेणार आहे. एका होडीच्या माणसाला असं बोलावणं आयुष्यात एकदाच येतं.

मी मंगळवारी चौकला गेलो. सातवी पायरी भरलेली होती. म्हटलं, बाय, शनिवारी पोचायला पाहिजेत, शुक्रवारी उचलतो. ती म्हणाली, न्हाय. गुरुवारपासून रविवारपर्यंत शेताला हात लागायचा नाही. मी म्हटलं, मग आज दे. म्हणाली, शनिवारपर्यंत टिकतील, रविवारच्या जेवणाला सांगू शकत न्हाय. साहेबाला सांग, सोमवारी जेव. मी चिडलो, आवाज चढवला. ती पाण्याकडे बघत राहिली. शेवटी मी निघून आलो. मला वाटलं, हे तिच्या धर्माचं व्रत आहे. असू दे. तिनं हात लावायचा नाही, मी लावायला काय हरकत आहे? करार शेवटच्या पायरीचा होता, वाराचा नव्हता.

गुड फ्रायडेला दुपारी मी राईच्या दोन बायका घेऊन होडीनं गेलो. गाव सगळं देवळात होतं. त्या दिवशी देवळाची घंटा वाजत नाही, लाकडी खटखटं वाजवतात. तो आवाज टेकाडावरून येत होता. सातव्या पायरीवर ओली गोणपाटं पसरलेली. मला वाटलं, बघा, तोंडानं नाही म्हणते, पण माझ्यासाठी पाठवणीची तयारी करून ठेवली आहे. गोणपाटं उचलली. खाली भरगच्च कालवं. मी वाजवून बघितली. हे मी कुणाच्याही समोर सांगेन, की मी वाजवून बघितली. भरीव वाजली. पोती भरली, तिच्यासारखीच, खोलगट बाजू खाली.

जे मला माहीत नव्हतं ते असं. बुधवारी तिनं शिकलेली सगळी कालवं परत पहिल्या पायरीवर पाण्यात नेऊन ठेवली होती, चार दिवस कुणी नसताना ती तिथेच सुखात राहतात म्हणून. आणि सातव्या पायरीवर मांडली होती ती त्या पंधरवड्यातली सगळी नापास, गावात न देता ईस्टरसाठी पाण्यात राखलेली. त्या दिवसांत होड्या समुद्रात जात नाहीत. गावात सहा घरं अशी होती जिथे पुरुष नव्हता, नुसत्या म्हाताऱ्या होत्या, आणि ईस्टरला त्यांच्या चुलीवर तिची कालवं शिजायची. त्या म्हाताऱ्यांना शेवाळावरून खाली उतरवत नसे, म्हणून त्यांच्यासाठी वरच्या पायरीवर. दर वर्षीचा रिवाज. तिनं मला कधी सांगितला नव्हता आणि मी कधी विचारला नव्हता. नापास कालव भरतीचं पाणी पिऊन ओल्या गोणपाटाखाली पडलेलं असलं तर भरीवच वाजतं. ते नापास होतं ते दुसऱ्या दिवशी.

शनिवारी दुपारी मिंगेलनं पोती उघडली तेव्हा निम्म्याहून जास्त कालवं आ वासून पडली होती. वास माझ्याही नाकात गेला. मिंगेल आधी ओरडला, मग खाली बसला. त्याचीही नोकरी होती. मग म्हणाला, "बाय को लेके आ. वो बोलेगी माल मेरा है, गाड़ी में गरमी से गया, तो मैं साहब को समझाएगा. तेरे बोलने पे नहीं."

मी संध्याकाळी चौकला पोचलो. ती ओट्यावर बसली होती. पायरी रिकामी सापडल्याचं तिला आधीच कळलं होतं, कारण म्हाताऱ्या येऊन रिकाम्या टोपल्या घेऊन गेल्या होत्या. मी सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "गोणपाटाखालची?" मी हो म्हणालो. मग म्हणाली की सकाळी येते.

ईस्टरच्या सकाळी तिनं मिसा, देवळातली सणाची प्रार्थना, चुकवली. हे काय होतं ते उत्तनच्या माणसालाच कळेल. देवळात जायचं ठेवणीतलं लुगडं नेसून ती कंबरभर पाण्यात उतरली, पहिल्या पायरीवरची कालवं उचलली, दोन पोती भरली आणि माझ्याबरोबर निघाली. वाटेत मी तिला ते एक वाक्य तीनदा सांगितलं: माल माझा, गाडीत उन्हानं गेला. ती ऐकत होती. मला वाटलं, वाचलो.

मुदपाकखान्यात सगळे उभे होते: मिंगेल, त्याचे चार हाताखालचे आचारी, दारात गोरा साहेब. मिंगेलनं विचारलं. कात्रीनबायनं टोपलीतलं एक मेलेलं कालव उचललं, कडेवरून बोट फिरवलं आणि खाली ठेवलं.

"मेलेली माजी," ती म्हणाली. "बशीपरयंत माजी, असा करार हाय. ती भरून द्यायला मी ही आनलीयत. पन माजी कालवां एका दिवसात मरत न्हाय. ही नापास हायत. मी दिलेली न्हाय."

"शेवटच्या पायरीवरून उचलली," मी ओरडलो. "सांग त्याला, पायरी कुठली होती ते सांग."

"पायरी शेवटचीच होती," ती शांतपणे म्हणाली. "नारूनं करार मोडला न्हाय. इचारलं न्हाय, एवढंच."

मिंगेलनं ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. काय सांगितलं मला कळलं नाही, पण साहेबानं माझ्या बुटांकडे पाहिलं ते कळलं. मग मिंगेल म्हणाला, "चोरी का माल मेरे किचन में लाया तू?" मी त्याच्या गळ्याला हात घातला. पुढचं सांगण्यासारखं नाही. मागच्या दारातून मला चौघांनी बाहेर काढलं, आणि त्या दारातून मी पुन्हा आत गेलो नाही.

तिनं खोटं बोलावं असं मी आजही म्हणत नाही. पण ऊन होतं की नव्हतं? गाडी लष्कराच्या गाडीसाठी दीड तास उभी होती की नव्हती? एवढं म्हणाली असती तरी एका माणसाचं आयुष्य उभं राहिलं असतं. ती म्हणाली नाही. का, ते मला परतताना होडीत कळलं. ऊन लागून एका दिवसात मेली असं म्हटलं असतं तर तिच्या शाळेला बट्टा लागला असता. तिला माणसापेक्षा कालवांची अब्रू मोठी होती. मी हे तिला तोंडावर म्हणालो. चौकला उतरताना ती म्हणाली, "शेट, म्हाताऱ्यांची होती ती." मी बूट काढून वल्ह्यावर बसलो होतो, तरी 'शेट' म्हणाली.

पुढल्या आठवड्यात मी त्या सहा घरी पापलेटाच्या टोपल्या पाठवल्या. पाच घरांनी घेतल्या. सहावं घर तिचंच होतं. टोपली तशीच परत आली, वर भिजवलेलं गोणपाट घातलेली, म्हणजे मासा खराब होऊ नये.

हॉटेलनं तिचा माल आणखी दोन हंगाम दुसऱ्या एका होडीवाल्याकडून घेतला. मग खाडीच्या तोंडाशी गाळ साचू लागला आणि ते थांबलं. मी बर्फाच्या धंद्यात गेलो आणि वर आलो. माझं वाईट झालं नाही, हे सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील रडतो आहे. पण जे व्हायचं होतं ते झालं नाही.

तिला शेवटचं पाहिलं ते लढाई संपून दोनेक वर्षं झाल्यावर. बर्फाच्या कामासाठी चौकला गेलो होतो. ओहोटी होती. खालच्या चार पायऱ्या गाळात बुडाल्या होत्या, वरच्या तीन उरल्या होत्या, आणि त्यांवर मोजकी कालवं मांडून ती बसली होती. वाजवत होती, पण कानाशी धरत नव्हती. एक कालव जबड्याच्या हाडाला टेकवून त्यावर दुसरं आपटत होती. ऐकू येईनासं झालं होतं. ती आता हाडानं ऐकत होती. चुकत नव्हती, दोन ढीग बरोबर होत होते.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "बाय, मी शेवटच्या पायरीवरूनच उचलली होती." काय बोललो ते तिला कळलं की नाही, देव जाणे. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मी बूट घालून चिखलात उतरलो होतो. मग डावीकडच्या ढिगातून एक कालव उचललं, जबड्याला लावून पुन्हा एकदा वाजवलं आणि माझ्या हातात ठेवलं. डावीकडचा ढीग कुठला, पास की नापास, मला आठवेना. विचारावं असं वाटलं. विचारलं नाही.

ते कालव मी ओल्या रुमालात गुंडाळून घरी आणलं आणि खोलगट बाजू खाली करून फडताळात ठेवलं. नापास असेल तर उद्या उघडेल, म्हणजे तिनं मला शेवटी काय दिलं ते कळेल, असा हिशेब केला. दुसऱ्या दिवशी ते मिटलेलं होतं. तिसऱ्या दिवशीही होतं. चौथ्या दिवशी सकाळी ते टेबलावर आपटून वाजवलं, भरीव वाजलं.

मी ते नेऊन खाडीत फेकलं.